जलरंगातून क्रिटाकडे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी जलरंगात काम करते. मांडीवर बोर्ड, शेजारी पाण्याचा डबा, समोर मेणवलीचा घाट, असं वीसेक वर्षं चाललं. मग कॉम्प्युटरवर पेनने चित्र काढायचा टॅबलेट घेतला. पहिले दोन महिने तो टेबलावर धूळ खात पडला होता, कारण त्यावर काढलेलं प्रत्येक चित्र प्लास्टिकच्या फुलासारखं दिसायचं. आता आठवड्यातले तीन दिवस त्यावर काम होतं. ओळखीचे चित्रकला शिक्षक, साईनबोर्ड रंगवणारे दादा, निवृत्तीनंतर ब्रश हातात घेतलेल्या काकू असे सगळे तेच तेच प्रश्न विचारतात, म्हणून ते एकदा लिहून काढले. उदाहरणं क्रिटा या चित्र काढायच्या सॉफ्टवेअरची आहेत, कारण मी रोज तेच वापरते. बटणांच्या जागा सोडल्या तर बाकीचं बहुतेक सगळीकडे लागू पडेल.

मला कॉम्प्युटरमधलं फारसं कळत नाही. जमेल का?

फाईल सेव्ह करता येते? पुन्हा शोधून उघडता येते? मग पुरे. मेनू आठ दिवसांत पाठ होतात. वस्तुचित्रातल्या तांब्याचा काठ लंबगोल का दिसतो, सावली कुठे गार आणि कुठे उबदार पडते, हे कळायला वर्षं लागतात, आणि ती वर्षं तुम्ही आधीच घालवली आहेत.

वयाचं म्हणाल, तर डेव्हिड हॉकनी हा इंग्लिश चित्रकार १९३७ सालचा. सत्तरी ओलांडल्यावर त्याने फोनवर बोटाने चित्रं काढायला सुरुवात केली आणि २०१० पासून तो आयपॅडवर काम करू लागला. यॉर्कशरमधल्या एका रस्त्यावरचा २०११ चा वसंत त्याने आयपॅडवर रंगवला. त्या चित्रांचे मोठाले छाप २०१२ मध्ये लंडनच्या रॉयल अकॅडमीत लागले होते.

तरीही पहिला आठवडा रेघा गांडुळासारख्या येतील. त्याला इलाज नाही.

टॅबलेट कोणता घेऊ?

तीन प्रकार आहेत. पहिला बिनपडद्याचा: काळी पाटी, तिच्यावर पेन फिरवायचा, चित्र कॉम्प्युटरच्या पडद्यावर उमटतं. दुसऱ्यात पाटीच पडदा असते, पण तीही कॉम्प्युटरला जोडावी लागते. तिसरा म्हणजे आयपॅड किंवा पेन मिळणारे सॅमसंगचे टॅब, जे स्वतंत्र चालतात आणि पिशवीत घालून घाटावर नेता येतात.

घरात चालता कॉम्प्युटर असेल तर माझं मत सरळ आहे: बिनपडद्याचा, मध्यम आकाराचा. लहान पाट्या तीन-चार हजारांपासून मिळतात, मध्यम थोड्या महाग पडतात, पण पोस्टकार्डाएवढ्या पाटीवर सगळं काम मनगटातून होतं. आपल्याला कोपरातून आणि खांद्यातून वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सलग हात, ओढायची सवय असते. लहान पाटीवर ती सवय मोडते आणि रेघ आखडते.

दुकानदार पेनच्या दाबाचे टप्पे सांगेल: ४०९६, ८१९२, १६३८४. त्याकडे लक्ष देऊ नका. ४०९६ आणि ८१९२ मधला फरक माझ्या हाताला आजवर कळलेला नाही. त्यापेक्षा पेनला बॅटरी लागते का ते विचारा. वॅकॉम, हुइऑन, एक्सपी-पेन यांच्या बहुतेक पाट्यांचा पेन पाटीकडूनच शक्ती घेतो. त्याला चार्जिंग लागत नाही आणि तो हातात हलका राहतो.

पाटी फार गुळगुळीत वाटली तर तिच्यावर साधा कार्ट्रिज कागद चिकटपट्टीने लावा. बिनपडद्याच्या अशा पाट्या कागदाच्या आडूनही पेन ओळखतात. निब लवकर झिजते, पण हाताला ओळखीची खरखर परत मिळते. मी पहिलं वर्ष असंच काढलं.

हात टेबलावर आणि नजर पडद्यावर. हे कसं जमायचं?

सगळ्यात जास्त लोक इथेच सोडून देतात, म्हणून जरा सविस्तर सांगते.

आधी हे तपासा, कारण बहुतेकांच्या बाबतीत दोष हाताचा नसतोच. पाटीची लांबी-रुंदी आणि पडद्याची लांबी-रुंदी यांचं प्रमाण जुळत नसेल तर हाताने काढलेलं वर्तुळ पडद्यावर अंडं होऊन येतं. माणूस महिनाभर त्या अंड्याशी झगडत बसतो आणि स्वतःलाच दोष देतो. टॅबलेटबरोबर आलेल्या ड्रायव्हरमध्ये (टॅबलेट चालवणाऱ्या छोट्या सॉफ्टवेअरमध्ये) पाटीचं क्षेत्र पडद्याच्या प्रमाणात बांधण्याची सोय असते. ती सुरू करा. एखादी वाटी पाटीवर उपडी ठेवून तिच्या कडेने पेन फिरवा. पडद्यावर वर्तुळ आलं, तर काम झालं.

दुसरं, पाटी पडद्याच्या बरोबर समोर आणि सरळ ठेवा. कागद तिरका धरून काढायची सवय आपल्या सगळ्यांना असते. पाटी तिरकी केली की तुमची आडवी रेघ पडद्यावर चढण चढू लागते. तिरकं करायचं ते चित्र करा. क्रिटात ४ आणि ६ ही बटणं कॅनव्हास फिरवतात आणि ५ ने तो पुन्हा सरळ होतो.

मग सराव. पडद्यावर वीस-पंचवीस ठिपके टाका, जसे रांगोळीला टाकतो तसे, आणि ते एका झटक्यात रेघेने जोडा. रोज दहा मिनिटं. नजर पुढच्या ठिपक्यावर, रेघेवर नाही. कागदाकडे न बघता वस्तूची बाह्यरेषा काढायचा सराव केला असेल त्यांना हे लवकर येतं, कारण हात आणि डोळा सुटे करणं त्यांना माहीत असतं. मला अठरा दिवस लागले. एकोणिसाव्या दिवशी फोनवर बोलता बोलता मी चेहरा काढत होते आणि आपण पाटीकडे पाहत नाही आहोत हे लक्षातही आलं नाही.

ब्रशच्या पर्यायांत रेघ स्थिर करण्याची सोय आहे, स्टॅबिलायझर. ती थोडी चालेल. पूर्ण वाढवली तर थरथर जाते, पण रेघेतला माणूसही जातो. दर्जीच्या वक्रपट्टीने आखल्यासारखं दिसतं.

क्रिटाच का? फोटोशॉप का नाही?

क्रिटा फुकट आहे, मुक्त स्रोताचं आहे आणि चित्रकारांसाठीच केलेलं आहे. फोटोशॉप मुळात फोटोंवर काम करण्यासाठी आलं, १९९० साली. ते उत्तमच आहे, पण त्याचं भाडं भरत राहावं लागतं. क्रिटाचं काम १९९९ मध्ये केडीई या मुक्त सॉफ्टवेअरच्या मंडळींत सुरू झालं. नाव स्वीडिश भाषेतलं आहे, अर्थ खडू. अधिकृत संकेतस्थळावरून विनामूल्य मिळतं. मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन दुकानात आणि स्टीम या दुसऱ्या ऑनलाइन दुकानात तेच पैसे देऊन मिळतं. ते पैसे विकासाच्या कामाला जातात, म्हणून ऐपत आली की जरूर घ्या.

आयपॅड असेल तर प्रोक्रिएट, एकदाच पैसे. व्यंगचित्रमालिका, कॉमिक्स करायची असतील तर क्लिप स्टुडिओ. ॲडोबीचं फ्रेस्को २०२४ पासून फुकट झालं आहे. जलरंगाचा ओघळ आणि ओलावा हुबेहूब हवा असेल तर रिबेल, त्याबद्दल पुढे बोलते.

गल्लीतल्या दुकानातून चोरीचं फोटोशॉप टाकून घेऊ नका. नीतीचा मुद्दा बाजूला ठेवला तरी त्याच्याबरोबर आलेला व्हायरस तुमच्या चित्रांच्या फोल्डरला सोडत नाही.

उघडल्या उघडल्या कॅनव्हासचा आकार विचारतो. काय टाकू?

छापायची शक्यता असेल तर ३०० डीपीआय, म्हणजे एका इंचात ३०० ठिपके. ए४ म्हणजे २४८० गुणिले ३५०८ पिक्सेल. पाव इम्पिरियल, म्हणजे ११ गुणिले १५ इंचाचा आपला नेहमीचा कागद, हवा असेल तर ३३०० गुणिले ४५००. नंतर चित्र लहान करता येतं. मोठं केलं तर ते धुरकट होतं, म्हणून सुरुवातीलाच उदार राहा.

पण फारही नको. ए४ च्या एका भरलेल्या लेअरला (चित्राच्या एका थराला, त्याबद्दल पुढे) साध्या ८ बिटच्या रंगांत सुमारे ३५ एमबी मेमरी लागते. ए३ केला की त्याच्या दुप्पट, आणि १६ बिट निवडलं की आणखी दुप्पट. ८ जीबी रॅमच्या मशीनवर ए४ निवांत चालतो. ए२ वर पसरट ब्रश फिरवला की रेघ तुमच्यामागून लंगडत येते.

ब्रश शंभराच्या वर आहेत. कोणते शिकू?

एक.

खरंच एकच. पहिला महिनाभर एक साधा, दाबाने जाड-बारीक होणारा गोल ब्रश घ्या. नवे लोक ब्रशचे संच गोळा करत बसतात, जसे आपण एकेकाळी दुकानात सेबल ब्रश हाताळत उभे राहायचो आणि घरी येऊन त्याच जुन्या ८ नंबरने सगळं रंगवायचो. दुसऱ्या महिन्यात एक चपटा आणि एक रंग ओढणारा, स्मज होणारा ब्रश घ्या. माझं आजही साताच्या पुढे जात नाही.

बटणं मात्र पाठ करा. शिफ्ट दाबून पेन ओढला की ब्रशचा आकार बदलतो. कंट्रोल दाबून चित्रावर टेकवला की तिथला रंग उचलला जातो. ई दाबलं की तोच ब्रश खोडरबर होतो, आणि मऊ ब्रशने खोडण्यात जी मजा आहे ती रबरात नाही. पेनच्या बाजूचं बटण म्हणजे सहसा राईट क्लिक. ते दाबलं की आवडते ब्रश आणि रंगचक्र जिथल्या तिथे उघडतं. डावा हात कीबोर्डवर ठेवा. पॅलेट धरायचा तोच हात.

खऱ्या जलरंगासारखं होईल का?

नाही. आणि त्याच्यामागे लागलात तर दोन वर्षं जातील, माझी गेली तशी.

जलरंगात अर्धं काम पाणी करतं. तुम्ही ओलं सोडता, कागद पितो, अल्ट्रामरीनचे कण खरखरीत कागदाच्या खळग्यांत बसतात, कडेला रंग जमून कडक रेघ होते. तुमचं कौशल्य कधी हात लावायचा नाही यात असतं. पडद्यावर पाणी नाही. क्रिटातल्या जलरंगाच्या ब्रशला कागदाचा पोत दिलेला असतो आणि कड गडद केलेली असते. ते ओल्याचं सोंग आहे, आणि तिसऱ्या फटकाऱ्याला पकडलं जातं, कारण प्रत्येक फटकारा त्याच शिक्क्याचा असतो. रिबेलमध्ये पाणी खरंच वाहतं, कागद तिरका केला की ओघळतो, आणि त्याच्या प्रो आवृत्तीत रंगही रंगद्रव्यासारखे मिसळतात. चांगलं आहे. पण मशीन तगडं लागतं. आणि मला तरी सारखं वाटत राहतं, एवढं सगळं करायचं तर समोर नळ आहे, कागद आहे.

रंग मिसळण्याचा धक्का सगळ्यांना बसतो, तो आधीच सांगते. शुद्ध निळा आणि शुद्ध पिवळा पडद्यावर समप्रमाणात मिसळा. हिरवा येत नाही, राखाडी येतो. कागदावर रंगद्रव्यं प्रकाश शोषतात, दोघांनी शोषून जे उरतं ते हिरवं. पडदा उजेडाच्या आकड्यांची सरासरी काढतो, आणि निळा व पिवळा हे उजेडात एकमेकांचे विरोधी रंग. म्हणून पॅलेटवर मिसळायची सवय इथे धोका देते. रंग चक्रातून उचला. मिसळायचंच असेल तर जवळच्या छटा मिसळा.

आता जुळतं काय ते. पोस्टर कलरची विचारपद्धत जशीच्या तशी चालते. इंटरमीजिएट चित्रकला परीक्षेतलं संकल्पचित्र आठवा: सपाट रंग, वर गडद, त्यावर फिका, शेवटी पांढऱ्याचा ठिपका. जलरंगात पांढरा म्हणजे राखून ठेवलेला कागद. इथे तो शेवटी ठेवता येतो, आणि जलरंगवाल्याला ते काही दिवस पाप केल्यासारखं वाटतं. माझी गाडी रुळावर आली ती कॅमलच्या पोस्टर कलरच्या बाटल्या डोळ्यांसमोर आणल्यावर.

जलरंगातली एक गोष्ट मात्र इथे फार छान येते: ग्लेझ. नवा लेअर घ्या आणि त्याचा प्रकार मल्टिप्लाय करा. त्यावर टाकलेला रंग खालच्याला फक्त गडद करतो, झाकत नाही. अगदी सुकलेल्या वॉशवर दुसरा पातळ वॉश घ्यावा तसा. संध्याकाळच्या घाटाची सगळी सावली मी एका मल्टिप्लाय लेअरवर एकाच जांभळट करड्या रंगाने टाकते. कागदावर तिथेच खालचा रंग उठायची भीती असते, ती इथे नाही.

लेअर म्हणजे नक्की काय, आणि किती घ्यायचे?

चित्रावर बटर पेपर ठेवून त्यावर काम करतो ना, तेच. फक्त हा कागद पूर्ण पारदर्शक असतो आणि कितीही रचता येतात. गोची त्या ‘कितीही’मध्येच आहे. माझ्या एका दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठाच्या फाईलमध्ये ६३ लेअर होते, एकालाही नाव नव्हतं, आणि संपादकांनी फक्त कंदिलाचा रंग बदलायला सांगितला होता. तो कंदील शोधण्यात दुपार गेली.

आता चार: स्केच, मुख्य रंग, सावली, वरचे तपशील. पाचवा हवासा वाटला तर आधी खालचे दोन एकत्र करते (कंट्रोल ई).

लेअरची खरी ताकद मास्किंगमध्ये आहे. चित्रकार रघुवीर मुळगावकरांच्या चित्रांतली ती लोण्यासारखी त्वचा आठवते? स्प्रेचं काम करणारी ती पिढी कापलेल्या कागदाने आजूबाजूचा भाग झाकायची, मग रंग उडवायची. क्रिटात वरच्या लेअरवर इनहेरिट अल्फा सुरू केलं आणि खालच्या आकाराच्या लेअरबरोबर त्याला एका ग्रुपमध्ये ठेवलं, की रंग त्या आकाराबाहेर जातच नाही. ग्रुपमध्ये ठेवायला विसरलात तर काहीच झाकलं जाणार नाही, आणि तुम्हाला वाटेल बटण बिघडलं. साईनबोर्डवाल्या दादांना हे दाखवलं तेव्हा ते बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, आमची कित्येक वर्षं ब्लेडने स्टेन्सिल कापण्यात गेली.

कंट्रोल झेडची, म्हणजे केलेलं मागे घ्यायची, सवय लागली आहे. कागदावरही बोटं तिकडेच जातात. काय करू?

मला वाटतं, हा या पानावरचा सगळ्यात गंभीर प्रश्न आहे.

कागद तुम्हाला थांबवतो. तिसऱ्यांदा घासलं की त्याची साल निघते, पाणी गढूळ होतं, उजेड जातो, बस निघते. त्या धाकाने आपण फटकारा मारण्याआधी दोनदा बघतो. पडदा कधीच ‘नाही’ म्हणत नाही. तीच रेघ चाळीस वेळा पुसता येते, आणि एकेचाळिसावी पहिलीहून बरी असतेच असं नाही. कागदावरून येणाऱ्यांची चित्रं इथे मेल्यासारखी दिसतात, आणि बोल लावला जातो सॉफ्टवेअरला. कोणी थांबवायला नाही, खरी अडचण ती आहे. मग थांबवणारं काहीतरी स्वतःच ठेवावं लागतं.

मी ठेवलेले निर्बंध असे. स्केचच्या लेअरवर मागे जाणं नाही, चुकलं तर वरून दुरुस्त करायचं. वेळ लावून बसायचं: निसर्गचित्राला घाटावर जेवढा मिळतो तेवढाच, दीड तास. आणि पहिला अर्धा तास झूम बंद. बटण २ दाबलं की पूर्ण चित्र पडद्यात बसतं, तिथेच राहायचं. झूम करून ४०० टक्क्यांवर पापण्या रंगवणं हे कागदाला नाक लावून रंगवण्यासारखं आहे. ईझलपासून चार पावलं मागे जायची सवय इथे कोणी लावत नाही. त्याऐवजी ओव्हरव्ह्यूची छोटी खिडकी कोपऱ्यात उघडी ठेवा. चित्र डाकेच्या तिकिटाएवढं दिसतं, आणि तिथे जे वाचता येत नाही ते मोठ्यातही फसलेलं असतं.

एम दाबलं की चित्र आरशातल्यासारखं उलटं दिसतं. आमचे सर वर्गात खरोखर आरसा धरून चेहऱ्यातला तिरकेपणा दाखवायचे. हे बटण म्हणजे तो आरसा, खिशातला.

स्केच कागदावर काढून मग रंग पडद्यावर भरता येईल?

येईल, आणि सुरुवातीला हेच करा. स्कॅनर असेल तर ३०० किंवा ६०० डीपीआयला स्कॅन करा. फोनने फोटो काढत असाल तर खिडकीजवळ, उन्हाची थेट तिरीप टाळून, आणि फोन कागदाला समांतर धरून. नाहीतर आयताचा समलंब चौकोन होतो. क्रिटात उघडून लेव्हल्सने (उजेड-अंधार कमीजास्त करायच्या सोयीने) कागदाचा करडेपणा घालवा, मग फिल्टरमध्ये कलर टू अल्फा घेऊन पांढरा निवडा. कागद नाहीसा होतो, पेन्सिलीची रेघ तेवढी उरते, आणि तिच्याखाली रंग भरता येतो. घाईत असाल तर स्कॅनचा लेअर नुसता मल्टिप्लाय केला तरी भागतं.

पेन्सिलीची ती दाणेदार रेघ मला कुठल्याही ब्रशने आजवर तशी मिळालेली नाही.

पडद्यावर झळकणारे रंग छापल्यावर मेले. का?

पडदा उजेड फेकतो, छपाई शाईची असते. पोपटी, मोरपंखी, गडद नीळ, तापलेला केशरी हे पडद्यावर जितके पेटलेले दिसतात तितके सीएमवायकेच्या चार शायांत येतच नाहीत. त्या ६३ लेअरच्या मुखपृष्ठावर मी आकाशाला असा निळा दिला होता की बघत राहावं. अंक हातात आला तेव्हा ते आकाश धुतलेल्या जीन्सच्या रंगाचं होतं. छापखान्याचा दोष नव्हता, मी विचारलंच नव्हतं.

आता छापणाऱ्यांकडून त्यांचा रंग-प्रोफाइल, म्हणजे त्यांच्या छपाईत रंग कसे येतात ते सांगणारी फाईल, आधीच मागून घेते. तो क्रिटात जोडला की कंट्रोल वाय दाबून छापल्यावर साधारण कसं दिसेल ते बघता येतं. कंट्रोल शिफ्ट वाय दाबलं की न छापता येणारे रंग वेगळे दाखवले जातात. शिवाय पडद्याचा उजेड कमी करा. पडद्यावर कोरं पान उघडा, शेजारी पांढरा कागद धरा, आणि दोन्ही सारखे पांढरे दिसेपर्यंत ब्राइटनेस उतरवा. आपण बहुतेकजण फार झगझगीत पडद्यावर काम करतो आणि म्हणून चित्र काळवंडून छापलं जातं.

पेनचा दाब चालत नाही, रेघ एकाच जाडीची येते.

क्रिटाच्या सेटिंग्जमध्ये टॅबलेटचं पान आहे. विंडोजवर तिथे विंडोज इंक आणि विनटॅब असे पेन ओळखायचे दोन पर्याय दिसतील. एक चालू असेल तर दुसरा निवडा आणि क्रिटा बंद करून पुन्हा उघडा. बहुतेकदा एवढ्याने भागतं. नाही भागलं तर आधीच्या कुठल्या कंपनीच्या टॅबलेटचा ड्रायव्हर मशीनवर उरला आहे का पाहा. दोन ड्रायव्हर एका घरात नांदत नाहीत. त्याच पानावर दाबाची वक्ररेषाही आहे. हात जड असेल तर ती जरा खाली ओढा, हलका असेल तर वर.

मग याची मूळ प्रत कुठली? प्रदर्शनात काय लावायचं, विकायचं काय?

मूळ प्रत नसते. हे मान्य करायला मला त्रास झाला, अजूनही होतो. चांगल्या सुती कागदावर टिकाऊ रंगद्रव्याच्या शाईने छाप काढून, त्यावर क्रमांक आणि पेन्सिलीने सही करून विकता येतात. जुने लिथोग्राफवाले तेच करत. किती प्रती काढणार हे आधी जाहीर करा आणि शब्द पाळा. किंमत मात्र जलरंगाच्या मूळ चित्राएवढी लावू नका. गिऱ्हाईक विचारतं, आणि उत्तर देताना आपलीच जीभ अडखळते. मुखपृष्ठं, पुस्तकातली चित्रं, पत्रिका यात पैसे वापराच्या हक्काचे असतात. तिथे मूळ प्रतीचा प्रश्नच येत नाही.

एआय सगळं करून देतं म्हणतात. मग शिकायचं कशाला?

तुम्हाला चित्र काढायला आवडतं म्हणून. क्रिटा स्वतःहून एक रेघही काढत नाही. प्रोक्रिएटवाल्यांनी तर २०२४ मध्ये चित्र बनवून देणारं एआय आपल्या सॉफ्टवेअरमध्ये घालणार नाही असं जाहीरच केलं.

माझा मुलगा एलिमेंटरीला बसणार आहे. थेट टॅबलेटवरच शिकवू?

नको. परीक्षा कागदावर असते हे एक. दुसरं, कागदावर रंग ओसंडला की काय होतं हे एकदा तरी बोटांना कळलं पाहिजे.

लाईट गेली, फाईल गेली.

कंट्रोल ऑल्ट एस. प्रत्येक वेळी त्याच फाईलवर न लिहिता पुढच्या क्रमांकाची नवी प्रत साठवली जाते. मी दर अर्ध्या तासाने दाबते. क्रिटाची स्वतःची केआरए फाईल ठेवाच, नुसता जेपीजी ठेवलात तर लेअर गेले. लोडशेडिंगच्या गावात डेस्कटॉपला यूपीएस लावा. टॅबलेटपेक्षा तो आधी घ्या म्हटलं तरी चालेल.

मान आणि मनगट दुखतं.

पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत आणा. पेन चिमटीत आवळून धरू नका. घाटावर आपण दर वीस मिनिटांनी पाणी बदलायला उठायचो. इथे पाणी नाही, म्हणून उठायचं राहून जातं. मी टेबलावर पाण्याचा तांब्या मुद्दाम ठेवत नाही, स्वयंपाकघरात जाऊनच पिते.

निब झिजली हे कसं ओळखायचं?

नखावर फिरवून बघा. टोक गोल असेल तर ठीक. एका बाजूला चपटं होऊन कडा टोचू लागली की बदला, नाहीतर तीच कडा पाटीवर ओरखडे पाडते. बहुतेक टॅबलेटबरोबर जादा निबा आणि त्या काढायची छोटी कडी येते. ती कडी पहिल्याच दिवशी डब्यातून काढून टेबलाच्या खणात ठेवा. डबा रद्दीत जातो, आणि मग निब पक्कडीने उपटावी लागते.